टेलिकॉम कंपनीचे तिमाही निकाल आणि गुडविलची चाचणी: हे काम पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

सीए झाल्यावर मी एका टेलिकॉम कंपनीच्या फायनान्स विभागात रुजू झाले, तेव्हा गुडविलची फाइल मार्चमध्ये उघडायची असते असं मला सांगितलं गेलं. गुडविल म्हणजे दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेच्या मूल्यापेक्षा जास्त मोजलेली रक्कम. मी ते खरं मानलं. माझ्या पहिल्याच सप्टेंबर तिमाहीत, निकालाला जेमतेम आठवडा उरलेला असताना, लिमिटेड रिव्ह्यूसाठी (तिमाही आकड्यांच्या, ऑडिटपेक्षा हलक्या तपासणीसाठी) आलेल्या ऑडिटरने विचारलं, "शेअरचा भाव तीन महिन्यांत इतका पडलाय. इम्पेअरमेंटच्या खुणा तपासल्याचा कागद कुठे आहे?" इम्पेअरमेंट म्हणजे पुस्तकातली किंमत आता वसूल होणार नाही म्हणून ती कमी करणं. कागद नव्हताच. पुढचे सात दिवस आम्ही चौघांनी मिळून वर्षाचं काम एका आठवड्यात उरकलं, आणि घाईत ज्या चुका होतात त्या सगळ्या केल्या.

हा लेख तो आठवडा तुमच्यावर येऊ नये म्हणून लिहिते आहे. सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: वर्षाची चाचणी एकदाच असते, पण "गुडविलला धक्का लागलाय का" हा प्रश्न दर तिमाहीला विचारायचा असतो आणि त्याचं उत्तर लिहून ठेवायचं असतं.

कामाला बसण्याआधी एवढं हाताशी घ्या:

- मागच्या वर्षीची चाचणीची एक्सेल शीट, सूत्रांसकट. पीडीएफ चालणार नाही.
- ज्या खरेदीतून गुडविल आलं तिचा करार आणि त्या वेळचा खरेदी किंमत वाटपाचा अहवाल.
- बोर्डाने मंजूर केलेलं चालू बजेट आणि पाच वर्षांचा आराखडा, मंजुरीच्या तारखेसह.
- सेगमेंटनुसार (व्यवसायाच्या भागानुसार) तिमाहीचा एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनासाठीचा अंतर्गत अहवाल: ग्राहकसंख्या, एआरपीयू (दर ग्राहकामागे सरासरी उत्पन्न), चर्न (सोडून जाणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण), कॅपेक्स (भांडवली खर्च).
- स्थिर मालमत्ता, स्पेक्ट्रम आणि भाडेकरारांची रजिस्टरं.
- तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा शेअरचा भाव आणि बाजारमूल्य.
- इंड एएस, म्हणजे भारतीय लेखा मानकं, ३४ (तिमाही अहवाल), ३६ (इम्पेअरमेंट), १० (ताळेबंदानंतरच्या घटना), १०८ (सेगमेंट) आणि ११६ (भाडेकरार). मूळ मजकूर हवा, कोणाच्या नोट्स नकोत.

१. आधी तारखा पक्क्या करा

शेअर बाजारात सूचिबद्ध (लिस्टेड) कंपनीला सेबीच्या लिस्टिंग नियमावलीतल्या ३३ व्या नियमाप्रमाणे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यावे लागतात. जूनची तिमाही १४ ऑगस्टपर्यंत, सप्टेंबरची १४ नोव्हेंबरपर्यंत, डिसेंबरची १४ फेब्रुवारीपर्यंत. वर्षाचे ऑडिट झालेले निकाल ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत. मार्च तिमाहीचे आकडे वेगळे ऑडिट होत नाहीत. वर्षाच्या आकड्यातून नऊ महिन्यांचे वजा केले की जे उरतं ते.

४५ दिवस ऐकायला भरपूर वाटतात. त्यातले वीस दिवस पुस्तकं बंद करण्यात जातात, आठवडा ऑडिटरचा, दोन-तीन दिवस ऑडिट कमिटी आणि बोर्डाचे. गुडविलची पूर्ण चाचणी करायची वेळ आली तर तुमच्याकडे पंधरा-सोळा दिवस उरतात. म्हणून खुणांचा कागद तिमाही संपण्याच्या आधीच अर्धा तयार ठेवा.

वार्षिक चाचणी मार्चमध्येच करा असं इंड एएस ३६ म्हणत नाही. वर्षातल्या कोणत्याही वेळी करा, पण दरवर्षी त्याच वेळी करा, एवढंच म्हणतं. माझं स्पष्ट मत असं की टेलिकॉममध्ये ती मार्चच्या गर्दीत ठेवू नये. डिसेंबरअखेरचा किंवा सप्टेंबरअखेरचा आकडा धरून केली तर विचार करायला वेळ मिळतो.

आणखी एक तारीख. तिमाही संपली की शेअर खरेदी-विक्रीची ट्रेडिंग विंडो बंद होते, ती निकालानंतर ४८ तासांनी उघडते. इम्पेअरमेंट होणार आहे ही माहिती किमतीवर परिणाम करणारी असते. शीट ज्यांना ज्यांना पाठवाल त्यांची नावं कंपनी सेक्रेटरीकडच्या नोंदीत गेली पाहिजेत. बाहेरचा व्हॅल्युअर नेमला असेल तर त्याचंही नाव.

२. हे गुडविल आलं कुठून, ते स्वतः शोधा

ताळेबंदावर गुडविलची एक ओळ असते. तिच्या आत चार-पाच जुन्या खरेद्या असू शकतात. प्रत्येकीची तारीख, दिलेली किंमत आणि त्या वेळी मिळालेल्या निव्वळ मालमत्तेचं (मालमत्ता वजा देणी) रास्त मूल्य काढा. दिलेल्या किमतीतून ते मूल्य वजा जाता जे उरलं ते गुडविल. म्हणजे भविष्याबद्दलच्या त्या वेळच्या अपेक्षेसाठी मोजलेले पैसे.

टेलिकॉममध्ये हे आकडे अवाढव्य होण्याचं कारणही इथेच कळतं. व्होडाफोनने २००० साली जर्मनीची मानेसमान घेतली, ती मोबाइल कंपन्यांचे भाव गगनाला भिडलेले असताना. मार्च २००६ ला संपलेल्या वर्षात व्होडाफोनला सुमारे २३.५ अब्ज पौंडांचं इम्पेअरमेंट दाखवावं लागलं, त्यातला सर्वात मोठा हिस्सा जर्मनीचा. नेटवर्क चालू होतं, ग्राहक होते, नफाही होता. पण २००० साली मोजलेली अपेक्षा पुरी होणार नव्हती.

या टप्प्यावर नवीन माणूस तीन ठिकाणी फसतो.

पहिलं, स्वतंत्र आणि एकत्रित निकालांची गल्लत. उपकंपनी विकत घेतल्याचं गुडविल एकत्रित ताळेबंदात असतं. मूळ कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदात असते ती गुंतवणूक, आणि तिची तपासणी वेगळी. दोन्हीकडचा तोटा सारखा येईलच असं नाही.

दुसरं, सहयोगी कंपनीतलं गुडविल. समजा टॉवर कंपनीत तुमचा काही टक्के हिस्सा आहे आणि तो इक्विटी पद्धतीने (तिच्या नफ्या-तोट्यातला आपला वाटा गुंतवणुकीत मिळवत जाऊन) धरला आहे. त्या किमतीत दडलेलं गुडविल वेगळं काढून तपासायचं नसतं. अख्खी गुंतवणूक एक मालमत्ता म्हणून तपासायची, तीही खुणा दिसल्या तरच.

तिसरं, परदेशी उपकंपनीचं गुडविल. ते त्या देशाच्या चलनात धरलं जातं आणि दर ताळेबंदाला अखेरच्या दराने रुपयांत येतं. भारती एअरटेलने २०१० मध्ये झैनचा आफ्रिकेतला व्यवसाय सुमारे १०.७ अब्ज डॉलरना घेतला. अशा व्यवसायात नायजेरियाचा नायरा जून २०२३ सारखा एकदम कोसळला की गुडविलचा रुपयातला आकडा इम्पेअरमेंटशिवायही खाली येतो. तो फरक चलन रूपांतराच्या राखीव खात्यात जातो. त्याला इम्पेअरमेंट म्हणू नका. पण चलन कोसळणं ही स्वतः एक खूण आहे, हे विसरू नका.

३. सीजीयू ठरवा, आणि सोयीसाठी बदलू नका

गुडविल एकटं पैसे कमवत नाही. त्यामुळे ते ज्या गटाला जोडलंय त्या गटाची चाचणी होते. या गटाला कॅश जनरेटिंग युनिट, आपल्या बोलीत सीजीयू. गुडविलसाठी हा गट व्यवस्थापन ज्या पातळीवर गुडविलवर लक्ष ठेवतं तेवढा लहान असावा, आणि एका ऑपरेटिंग सेगमेंटपेक्षा मोठा कधीच नसावा.

आपल्याकडे परवाने सर्कलनुसार दिलेले आहेत. मुंबई वेगळं सर्कल, आणि महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतं. मग प्रत्येक सर्कल एक सीजीयू का नाही, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. नागपूरचा ग्राहक पणजीत फोन वापरतो, कॉल तिसऱ्याच सर्कलच्या स्विचमधून जातो, पॅक अख्ख्या देशाचा असतो. एका सर्कलची रोकड दुसऱ्यापासून सुटी काढता येत नाही. त्यामुळे देशभरचा मोबाइल व्यवसाय एक सीजीयू, घरगुती ब्रॉडबँड दुसरा, कंपन्यांना सेवा देणारा तिसरा अशी मांडणी बऱ्याचदा दिसते.

सापळा असा: ब्रॉडबँडचा आकडा तुटायला लागला की कोणीतरी म्हणतं, "मोबाइल आणि ब्रॉडबँड एकत्रच विकतो की आपण, एक सीजीयू करूया." रचना खरंच बदलली असेल तर गुडविलचं नवं वाटप करावं लागतं. पण त्या आधी जुन्या रचनेवर चाचणी करून बघा. ऑडिटर तेच पहिलं विचारतील, आणि विचारायलाच हवं.

४. खुणांचा कागद: दर तिमाहीला, न चुकता

या लेखातलं एकच काम उद्यापासून करणार असाल तर हे करा.

इंड एएस ३४ नुसार तिमाहीलाही हिशोबाची धोरणं वर्षअखेरचीच असतात. दर तिमाहीला पूर्ण चाचणीची गरज नाही. पण मागच्या वर्षअखेरीनंतर मोठ्या घसरणीच्या खुणा दिसतात का, हे बघावं लागतं. दिसल्या तर त्याच तिमाहीत चाचणी, मार्चची वाट बघायची नाही.

मी दोन पानांचा कागद करते. डावीकडे खूण, मधे या तिमाहीचा आकडा आणि मागच्या चाचणीच्या वेळचा आकडा, उजवीकडे आमचं मत आणि सही. बाहेरच्या खुणा अशा: कंपनीचं बाजारमूल्य पुस्तकी निव्वळ मूल्याखाली गेलं का. सरकारी रोख्यांचा दर आणि त्यामुळे डिस्काउंट रेट (भविष्यातली रोकड आजच्या मूल्यात आणायचा दर) चढला का. नियामक किंवा न्यायालयाचा निर्णय आला का. स्पर्धकाने दर पाडले का. आतल्या खुणा: एआरपीयू बजेटच्या किती खाली, चर्न किती वर, ग्राहक किती गेले, कॅपेक्स पुढे ढकलला का, एखादं तंत्रज्ञान बंद करतोय का.

"मागच्या चाचणीच्या वेळचा आकडा" हा रकाना सोडू नका. नुसतं "एआरपीयू समाधानकारक" लिहिलेला कागद निरुपयोगी आहे. मागच्या शीटमध्ये या वर्षासाठी किती धरला होता आणि प्रत्यक्षात किती आला, ही तुलनाच खरी खूण दाखवते.

"आत्ताच तर चाचणी झाली" हे उत्तर पुरत नाही. अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंकने, जिचं नाव नंतर ल्युमेन झालं, २०१८ च्या शेवटच्या तिमाहीत सुमारे २.७ अब्ज डॉलरचं गुडविल काढून टाकलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये लाभांश निम्म्याहून खाली आणला, शेअर घसरला आणि खालीच राहिला. पुढच्याच तिमाहीत, मार्च २०१९ अखेर, आणखी सुमारे ६.५ अब्ज डॉलर काढावे लागले. त्यांची वार्षिक चाचणी ऑक्टोबरअखेरची असते. शेअरचा भाव ऑक्टोबरची वाट बघत नाही.

आपल्याशी जवळचं उदाहरण हवं तर व्होडाफोन समूहाचे सप्टेंबर २०१८ अखेरचे सहामाही निकाल काढून वाचा. ३१ ऑगस्ट २०१८ ला भारतातला व्यवसाय आयडियात विलीन झाला होता, त्याचा तोटा त्या निकालात आहे. शिवाय सुमारे ३.५ अब्ज युरोचं इम्पेअरमेंट आहे, त्यातले सुमारे २.९ अब्ज एकट्या स्पेनचे. तेही सहामाहीतच. तिमाही-सहामाहीच्या छोट्या अहवालातही टिपा किती नीट लिहिता येतात, हे मी त्यातून शिकले.

तिमाही संपल्यानंतर काही घडलं तर? २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने एजीआरचा (ज्या समायोजित महसुलावर कंपन्यांचं सरकारी शुल्क मोजतात त्याचा) निकाल दिला. सप्टेंबर तिमाही संपून चोवीस दिवस झाले होते. तरी तो बोजा सप्टेंबरच्याच निकालात आला, कारण देणं आधीपासूनचं होतं, न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. एअरटेलने निकाल पुढे ढकलून १४ नोव्हेंबरला दिले, तोटा २३,०४५ कोटी. त्याच दिवशी व्होडाफोन आयडियाचा तोटा ५०,९२१ कोटी. याउलट तिमाहीनंतर फक्त शेअरचा भाव पडला असेल तर तो पुढच्या तिमाहीचा विषय. या तिमाहीत मोठा असेल तर टीप द्या. घटना कोणत्या बाजूची आहे, हे ठरवून तोही कागद फाइलला लावा.

खुणा नाहीत असं ठरलं तरी कागदावर सही घ्या. पूर्ण चाचणी नको असेल तर मागच्या चाचणीत शिल्लक (वसूल होऊ शकणारी रक्कम पुस्तकी किमतीपेक्षा जितकी जास्त ती) किती होती, ती आता कुठपर्यंत आली असेल, एवढा अंदाज तळाशी लिहा.

५. दोन्ही पारड्यांत एकाच जातीचं माप हवं

चाचणी म्हणजे तराजू. एका पारड्यात सीजीयूची पुस्तकी किंमत, दुसऱ्यात तिच्यातून वसूल होऊ शकणारी रक्कम. ही रक्कम म्हणजे वापरमूल्य (सीजीयू चालवत राहिल्यास मिळणाऱ्या रोकडीचं आजचं मूल्य) किंवा विक्रीखर्च वजा जाता रास्त मूल्य, दोन्हींतलं जे जास्त ते.

माझ्या त्या पहिल्या सप्टेंबरमध्ये शिल्लक चांगली मोठी दिसत होती. आम्हाला हायसं वाटलं. रात्री साडेदहाला मी एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसाऱ्याआधीच्या नफ्याच्या) ओळीवर क्लिक केलं आणि ती कुठून येते ते शोधत एमआयएसपर्यंत गेले. इंड एएस ११६ नंतर टॉवरचं भाडं एबिटडामध्ये दिसत नाही. ते घसारा आणि व्याज बनून खाली उतरतं. म्हणजे आमची रोकड भाडं न भरता मोजलेली होती. आणि दुसऱ्या पारड्यात? पुस्तकी किमतीत भाड्याच्या टॉवरची राइट ऑफ यूज मालमत्ता (भाड्याची वस्तू वापरण्याच्या हक्काची किंमत) घेतलीच नव्हती, कारण ती वेगळ्या रजिस्टरमध्ये होती. भाडं इकडे नाही, मालमत्ता तिकडे नाही. ही चूक दुरुस्त केली तेव्हा शिल्लक निम्म्याहून कमी राहिली.

नियम साधा ठेवा. राइट ऑफ यूज मालमत्ता पुस्तकी किमतीत घेतली आणि भाडेदेणं वजा केलं नाही, तर चालू करारांचं भाडं रोकडीतून वजा करू नका. पण ते करार संपतील तेव्हा नवे करावेच लागतील. त्यांचं भाडं पुढच्या वर्षांत आणि विशेषतः अखेरच्या मूल्यात (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या रोकडीच्या मूल्यात) वजा झालंच पाहिजे. टॉवरशिवाय नेटवर्क चालत नाही.

स्पेक्ट्रमचंही तेच. हप्त्यांनी द्यायचं स्पेक्ट्रमचं कर्ज हा वित्तपुरवठा आहे, त्याचे हप्ते रोकडीतून वजा होत नाहीत आणि स्पेक्ट्रम मात्र पुस्तकी किमतीत पूर्ण असतं. पण २०२२ च्या लिलावातलं ५जी स्पेक्ट्रम वीस वर्षांचं आहे. तुमचं अखेरचं मूल्य अनंत काळाचं असतं. एकविसाव्या वर्षी स्पेक्ट्रम फुकट मिळणार नाही. नूतनीकरणाचा वार्षिक सरासरी खर्च अखेरच्या वर्षाच्या रोकडीत धरा. ही ओळ नसलेल्या शीट मी एकाहून जास्त बघितल्या आहेत.

सीजीयूच्या आत एखादी मालमत्ता आधीच मेलेली असेल, उदाहरणार्थ ३जी बंद केल्यावर उरलेली उपकरणं, तर तिची तपासणी आधी करा, गुडविलची नंतर. क्रम उलटला तर उपकरणांचा तोटा गुडविलच्या माथी बसतो.

६. रोकड, दर, आणि एक टक्का

अंदाज बोर्डाने मंजूर केलेल्या बजेटवर हवेत, सहसा पाच वर्षांपर्यंतच. त्यापुढे स्थिर किंवा उतरता वाढीचा दर. वापरमूल्यात व्याज आणि आयकर घ्यायचा नाही, डिस्काउंट रेटही करपूर्व हवा. करोत्तर दराला एक वजा करदराने भागून करपूर्व दर काढणं ही सोयीची सवय आहे, बरोबर उत्तराची खात्री नाही. करपूर्व आणि करोत्तर दोन्ही बाजूंनी मूल्य सारखं येईपर्यंत एक्सेलच्या गोल सीकने दर शोधा.

मोबाइलच्या दरवाढीच्या गृहीतकाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. खासगी कंपन्यांनी मिळून मोठी दरवाढ केली ती डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये. मधली अंतरं सुमारे दोन आणि अडीच वर्षांची. तुमच्या शीटमध्ये दर एप्रिलला एआरपीयू उडी मारत असेल तर त्याला आधार काय, हे लिहून ठेवावं लागेल. ५जीचं उत्पन्न धरलं असेल तर उरलेल्या उभारणीचा खर्चही धरला का, तेही बघा.

आता हे उदाहरण स्वतः एक्सेलमध्ये टाका. समजा एका सीजीयूची पुस्तकी किंमत १२,६०० कोटी, त्यात गुडविल ३,००० कोटी. पाच वर्षांची रोकड अनुक्रमे ९००, १,०००, १,१००, १,२०० आणि १,३०० कोटी. त्यापुढे ४ टक्के वाढ. डिस्काउंट रेट १२ टक्के.

पाच वर्षांच्या रोकडीचं आजचं मूल्य सुमारे ३,८८४ कोटी. अखेरचं मूल्य १,३०० गुणिले १.०४ भागिले ०.०८, म्हणजे १६,९०० कोटी, आजच्या हिशोबाने सुमारे ९,५९० कोटी. बेरीज सुमारे १३,४७४ कोटी. शिल्लक ८७४ कोटी, चाचणी पास.

दर १३ टक्के करा, बाकी काहीच हलवू नका. बेरीज सुमारे ११,९३७ कोटी होते. शिल्लक नाही, ६६३ कोटींची तूट. साडेबारा टक्क्यांना बेरीज सुमारे १२,६६० कोटी, म्हणजे फक्त ६० कोटींची शिल्लक.

पहिल्या उत्तरात एकाहत्तर टक्के मूल्य सहाव्या वर्षापासून पुढचं आहे, हेही बघा. पाच वर्षांच्या ग्राहकसंख्येवर तासन् तास वाद होतात, आणि दर व अखेरची वाढ या दोन सेलवर कोणी बोलत नाही. तुम्ही बोला. दर अर्धा टक्का वर-खाली, वाढ अर्धा टक्का वर-खाली असा तक्ता पहिल्या दिवसापासून शीटमध्ये ठेवा. वार्षिक अहवालात तसाही संवेदनशीलतेचा खुलासा द्यावाच लागतो.

शेवटी सगळ्या सीजीयूंची मूल्यं मिळवा, निव्वळ कर्ज वजा करा, आणि बाजारमूल्याशी ताडून बघा. फरक असू शकतो, नियंत्रणासाठी जास्त किंमत मिळते हेही खरं. पण बाजार ज्याला शंभर म्हणतो त्याला तुम्ही दोनशे म्हणत असाल तर आधी तुमची शीट तपासा.

७. तूट निघाली तर

वरच्या उदाहरणात ६६३ कोटी आधी गुडविलमधून जातात. गुडविल २,३३७ कोटी राहतं. तूट ३,००० कोटींपेक्षा मोठी असती तर उरलेली रक्कम सीजीयूतल्या बाकी मालमत्तांवर पुस्तकी किमतीच्या प्रमाणात वाटली असती, कोणतीही मालमत्ता तिच्या स्वतःच्या वसुलीमूल्याखाली न नेता.

कराकडे थोडं लक्ष. वित्त कायदा २०२१ नंतर आयकरात गुडविलवर घसारा मिळत नाही. त्यामुळे या तोट्याने कर कमी होईल असं धरू नका. तिमाहीचा कर वर्षाच्या अंदाजित सरासरी दराने काढतात. हा एकवेळचा तोटा आम्ही त्या दराच्या गणितातून बाजूला ठेवतो, नाहीतर दर विचित्र येतो आणि पुढच्या तिमाहींचाही कर बिघडतो.

८. तिमाहीत काढलेलं गुडविल मार्चमध्ये परत येत नाही

समजा सप्टेंबरमध्ये डिस्काउंट रेट १३ टक्के होता म्हणून ६६३ कोटी काढले. मार्चपर्यंत व्याजदर उतरले, दर पुन्हा १२ टक्के. आता मार्चमध्ये पहिल्यांदाच चाचणी केली असती तर तोटा शून्य आला असता. मग सप्टेंबरची नोंद उलटवायची का? इंड एएस ३४ म्हणतं की मोजणी वर्षाच्या सुरुवातीपासून आतापर्यंतच्या आधारावर करा. त्यावरून उलटवावी असं वाटतं. पण इंड एएस ३६ मध्ये गुडविलचा तोटा उलटवायला बंदी आहे.

हा गुंता सोडवायलाच आंतरराष्ट्रीय पातळीवर २००६ मध्ये आयफ्रिक १० (मानकांचा अर्थ स्पष्ट करणारा खुलासा) आलं, आणि आपल्याकडे ते इंड एएस ३४ ला जोडलेल्या परिशिष्टात आहे. उत्तर स्पष्ट आहे: आधीच्या तिमाहीत दाखवलेला गुडविलचा तोटा उलटवायचा नाही. म्हणून सारख्याच दोन कंपन्या, एक तिमाही निकाल देणारी आणि एक फक्त वर्षाचे, मार्चमध्ये वेगळा आकडा दाखवू शकतात.

याचा अर्थ तिमाहीची चाचणी कच्ची, मार्चची पक्की असं काही नसतं. "आत्ता अंदाजाने टाकू, मार्चमध्ये बघू" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा, मग तो तुमचा वरिष्ठ असला तरी. उलट दिशेचा मोहही तितकाच वाईट. परत येणार नाही म्हणून खूण दिसत असूनही चाचणी टाळली, तर सप्टेंबर आणि डिसेंबरचे निकाल चुकीचे ठरतात.

९. टीप लिहा, माणसांना आधी सांगा

तिमाही निकालाच्या नमुन्यात रक्कम मोठी असेल तर अपवादात्मक बाबींच्या ओळीवर जाते. सोबतच्या टिपेत कोणता सीजीयू, किती रक्कम, कोणत्या घटनेमुळे आणि मूल्य कोणत्या पद्धतीने काढलं, एवढं हवंच. "बाजारातील परिस्थितीमुळे" हे कारण झालं नाही. एआरपीयूचा अंदाज खाली आणला की डिस्काउंट रेट वाढला, ते सांगा. सेगमेंटच्या तक्त्यातही तो तोटा योग्य सेगमेंटसमोर दिसतोय ना, ते ताडून बघा.

लिमिटेड रिव्ह्यू म्हणजे ऑडिट नव्हे, पण ऑडिटर प्रश्न विचारतात आणि आकडे ताडतात. त्यांना तिमाही संपल्यावर पहिल्या पंधरवड्यात खुणांचा कागद द्या. सीएफओंना त्याच्याही आधी. आमचे सीएफओ साहेब मला एकदा म्हणाले, "वाईट आकडा मला दहाव्या दिवशी सांगितलास तर तो माझं काम आहे. चाळिसाव्या दिवशी सांगितलास तर तो आपल्या दोघांची अडचण आहे." तेव्हापासून मी शीट पुरी होण्याची वाट बघत नाही, शंका आली की फोन करते.

१०. निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी

शीटची अंतिम प्रत लॉक करून तारखेच्या नावाने ठेवा. दराचे स्रोत, रोख्यांचा भाव कोणत्या दिवशीचा, बजेट मंजुरीचा ठराव, ऑडिटरचे प्रश्न आणि तुमची उत्तरं, सगळं एकाच फोल्डरमध्ये. हाताने टाकलेल्या आकड्यांचे सेल पिवळे करा आणि प्रत्येकाशेजारी तो कोणी, कुठून घेतला ते लिहा. मग पुढच्या तिमाहीचा खुणांचा कागद उघडा आणि मधल्या रकान्यात आजचे आकडे भरून ठेवा.